आगरातलं औषध

शंखी गोगलगाय आमच्या आगरात मी आणली. वाडीतले लोक म्हणतात ती पऱ्याच्या पाण्यातून आली, चिऱ्यांच्या ट्रकमधून आली, कुणीतरी मुद्दाम सोडली. तसं काही नाही. मी आणली, टेम्पोत घालून.

तीस वर्षं मी बोटीवर फिटर होतो, इंजिनरूममध्ये. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कायमचा घरी आलो. आमचं गाव रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं. घरामागे आगर, म्हणजे माड, पोफळी, केळी, पानवेल आणि मधूनमधून आक्काची भाजी. वर कातळावर हापूसची थोडी कलमं. हे सगळं इतकी वर्षं आक्कानेच सांभाळलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती इथलीच झाली. आईचं दुखणं तिने काढलं, वडिलांचं काढलं. मी लग्न केलं नाही. त्यामुळे मी परत आलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, आणि आम्हाला एकमेकांची काहीच सवय नव्हती.

आक्का स्वभावाने गोड नव्हती. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली तर चार-चार दिवस बोलत नसे, भांडी मात्र जोरात ठेवी. मी चहाचा कप कुठे ठेवतो, चपला कुठे काढतो, यावर तिची नजर असे. मीही बोटीवर माणसांना हुकूम सोडायला शिकलेला. घरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला वाटलं, आगर मागासलेलं आहे, काहीतरी करून दाखवावं. हातखंब्याच्या पुढे हायवेला लागून रोपं विकणारे बसतात. तिथून मी मिरीचे वेल आणि जायफळाची कलमं आणली. काळ्या पिशव्या, गच्च ओल्या मातीने भरलेल्या. त्या मातीत काय आहे हे मी बघितलं नाही. बघून कळलंही नसतं. साबुदाण्यापेक्षा जराशी मोठी, पिवळट अंडी असतात ती. आज मला शंभर पावलांवरून ओळखता येतात.

त्या पावसाळ्यात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी दिसल्या. इथे पावसात गोगलगायी नवीन नाहीत, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या मुठीएवढ्या झाल्या. तपकिरी पट्ट्यांचा टोकदार शंख आणि त्याखाली हातभर चिकट माग. पानवेल आठवड्यात संपली. पपयांची साल खाल्ली. आक्काची पडवळं, भेंडी, लाल माठ, सगळं गेलं. एक दिवस सकाळी उठून बघतो तर घराच्या मागच्या भिंतीवर चिकटलेल्या. भिंतीला आक्काने गणपतीआधी चुना दिला होता. तो चुना त्या खात होत्या. शंख घट्ट व्हायला त्यांना चुना लागतो, हे मला मागाहून कळलं. भिंतीवर चुना खरवडल्याच्या वाटा उमटल्या होत्या.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याने एक तोंडात धरली. तो फेस गाळत दिवसभर पडवीच्या पायरीखाली पडून राहिला. वाचला, पण त्यानंतर गोगलगाय दिसली की लांबून वळसा घाली. वाडीत बोभाटा झाला की हा प्राणी विषारी आहे. पंचायतीत आलेल्या शेतीखात्याच्या माणसाने सांगितलं की हात लावू नका, हिच्या अंगात जंत असतात, ते माणसाच्या डोक्यात जाऊ शकतात. आक्का तरी हातानेच वेचायची. मी रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणाली की त्यात बोटं कळत नाहीत. तिच्या मनगटांवर पुरळ उठलं. सकाळी दोन बादल्या भरायच्या, मिठाचं पाणी ओतायचं आणि गडग्याबाहेर, म्हणजे चिऱ्यांच्या दगडी कुंपणाबाहेर, खड्ड्यात पुरायचं, हे तिचं काम होऊन बसलं.

खायला कुणी तयार नव्हतं. कावळ्यांनी चोच मारून बघितली. तो चिकट बुळबुळीतपणा चोचीला लागला की चोच मातीत घासघासून ते उडून जात. बगळा नुसता बघून पुढे जाई. गडग्याच्या फटीत राहणारी घोरपड एकदा एका गोगलगायीपाशी आली, जीभ लावली आणि मागे फिरली. आक्काच तेव्हा मला म्हणाली होती की काहीतरी जालीम औषध आण आणि एकदाचं संपव. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात ती पहिल्यापासून शहाणी आणि मी पहिल्यापासून मूर्ख होतो असं नव्हतं. मी रत्नागिरीच्या बाजारात विचारलं. दुकानदाराकडे तेव्हा यावर काही नव्हतं. त्याला गोगलगाय कीटक वाटत होती.

त्याच वर्षी भाद्रपदाच्या सुमाराला एका सकाळी आक्काने मला हाक मारली. हाक म्हणजे, खिडकीवर दोनदा टकटक. मी बाहेर गेलो तर ती पोफळींच्या आड उभी होती आणि तोंडावर बोट ठेवून गडग्याकडे दाखवत होती. गडग्यावर कुकुडकोंबा बसला होता. शहरातले लोक त्याला भारद्वाज म्हणतात आणि सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो म्हणतात. तांबूस पंख, काळं अंग, लालभडक डोळे. आमच्या आगरात त्याची जोडी वर्षानुवर्षं होती. त्या दिवशी त्याच्या पायाखाली मध्यम आकाराची गोगलगाय होती. तो शंखाच्या तोंडात चोच घालत होता, चिकटा लागला की चोच चिऱ्यावर घाशी, आणि पुन्हा घाली. पंधरा-वीस मिनिटं तो झगडला. शेवटी थोडंसं मांस काढून गिळलं, उरलेलं टाकलं आणि उडून गेला.

आक्का म्हणाली, "कावळा दुसऱ्यांदा आला नाही. हा येणार बघ."

तो आला. रोज आला. आणि आम्ही रोज बघायला लागलो. सकाळचा चहा घेऊन दोघंही मागच्या पडवीत बसायचो, तिच्या हातात सुपारी सोलायची असायची, माझ्या हातात काही नसायचं. तिथे बसून आम्ही जे बोललो तेवढं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आईच्या शेवटच्या दिवसांचं तिने मला तेव्हा सांगितलं. मी तेव्हा कुठल्या समुद्रात होतो ते मी आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पक्षी तोच असला तरी त्याचं काम बदललं होतं. आता तो शंखाच्या तोंडाशी झटापट करत नव्हता. गोगलगाय उचलून गडग्यावर आणायची, आडवी करायची आणि शंखाच्या बगलेत, दुसऱ्या वेटोळ्यावर, एकाच जागी ठोके मारायचे. तिथे शंख पातळ असतो. भोक पडलं की तिकडून ओढून काढायचं. गडग्याखाली रिकाम्या शंखांचा ढीग साठला होता. आक्का तो झाडत नसे. तिने एकदा त्यातले पाच-सहा शंख माझ्या हातात ठेवले. प्रत्येकाला त्याच जागी भोक होतं, एकाच सुताराने पाडल्यासारखं.

मांस काढल्यावर तो ते लगेच खात नसे. सुक्या पानांत आणि मातीत दोन-तीनदा लोळवी, म्हणजे चिकटा निघून जाई. मग आतड्यांचा हिरवट काळा गोळा चोचीने तोडून बाजूला फेकी आणि उरलेलं गिळी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी तो गोळ्यासकट खायचा आणि मग कितीतरी वेळ मान आत घेऊन बसून राहायचा, ते आम्ही बघितलं होतं. यंदा गोळा टाकायला शिकला होता. मादीही तसंच करू लागली. श्रावणात त्यांची पिल्लं घरट्याबाहेर आली, दोन, अंगावर पट्टे असलेली, धड उडता न येणारी. ती आईबापांच्या मागे गडग्यावर यायची, ठोके मारायची, चुकीच्या जागी मारायची. बापाने फोडलेला शंख पुढ्यात ओढून घ्यायची. घोरपडीनेही तोवर लहान गोगलगायी शंखासकट चावायला सुरुवात केली होती. आक्काच्या सकाळच्या दोन बादल्यांची एक बादली झाली होती. माझ्या हिशेबाने नाही, तिच्या हिशेबाने. मला मात्र तेव्हा त्यात विशेष फरक दिसत नव्हता, कारण मला फरक एका दिवसात दिसायला हवा होता. बोटीवर उंदीर झाले की बंदरात माणसं येतात, दारं बंद करतात, धूर सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी उंदीर नसतात. आगरही तसंच साफ होईल असं मला वाटायचं.

त्याच श्रावणात देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक झाली. गोगलगायी आता सगळ्यांच्याच आगरात होत्या. वाडीचा अध्यक्ष चाळिशीतला, मुंबईत कंपनीत होता, ती बंद पडल्यावर गावी आलेला. माणूस वाईट नव्हता. त्याने माहिती काढली होती की गव्हाचा कोंडा, गूळ आणि एक पावडर कालवून त्याचे गोळे आगरात टाकले की गोगलगायी वासाने येतात, खातात आणि तिथेच मरतात. अट एकच होती, सगळ्यांनी एकाच दिवशी टाकायचं. एक आगर जरी सुटलं तरी तिथून त्या पुन्हा पसरणार. कोंबड्या आणि गुरं तीन दिवस बांधून ठेवायची. तो एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेत होता.

आक्का बैठकीत बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठून बोलली. तिने पक्ष्यांचं सांगितलं, शंखांचं सांगितलं. म्हणाली की अजून दोन पावसाळे द्या, पक्षी शिकलेत, त्यांची पिल्लं शिकतायत, तोवर आपण हाताने वेचू. गोगलगाय मेली तरी विष तिच्या पोटात राहणार, आणि तिला खाणारं जनावर आता आहे, पूर्वी नव्हतं. लोक हसले नाहीत, पण ऐकलंही नाही. कुणीतरी म्हणालं की आक्का, दोन कोंबे वाडी साफ करतील काय. मग हसले.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. म्हणाला, "काका, जमीन तुमच्या नावावर आहे. तुम्ही काय म्हणता?"

जमीन माझ्या नावावर होती हे खरं. वडील गेल्यावर मी महिनाभराच्या सुट्टीवर आलो होतो तेव्हा आक्काने हक्कसोडपत्रावर सही केली होती. तलाठ्याकडून आलेला माणूस ओट्यावर बसला होता, आत चहा उकळत होता, तो उतू जाईल म्हणून तिने घाईघाईत सही केली आणि आत गेली. कुणी तिला काही विचारलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही. आमच्याकडे बहिणी अशीच सही करतात.

सभामंडपात सगळे माझ्याकडे बघत होते. आक्का बघत नव्हती. ती खाली फरशीकडे बघत होती. मी जर नाही म्हटलं असतं तर मी बहिणीच्या सांगण्याने चालणारा म्हातारा ठरलो असतो, जग फिरून येऊनही दोन पाखरांसाठी अडून बसलेला. हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. मी म्हटलं की सगळ्यांचं होईल ते आमचं होईल, आणि सही केली.

घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती. मी काहीतरी बोलायला गेलो तेव्हा मागे न वळता तिने एवढंच विचारलं, "माझं खोटं पडलं असतं तर पडू द्यायचं होतंस. दोन वर्षंच मागितली ना रे?"

चार दिवसांनी देवरुखहून फोन आला. आमची धाकटी बहीण तिथे दिलेली. ती अंगणात शेवाळावरून घसरली आणि पाय मोडला. आक्का तिच्या मदतीला गेली. जाताना एसटीत बसल्यावर खिडकीतून मला म्हणाली की मी येईपर्यंत थांब. मी मान हलवली. अध्यक्षाने बैठकीनंतर ठरवलेला दिवस त्याच आठवड्यात होता, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं.

आमच्या आगरात गोळे मी स्वतः टाकले. गडी नव्हता, अध्यक्ष माणूस पाठवतो म्हणाला होता, पण मला वाटलं आपण नीट टाकू, जपून. मी अगदी जपून टाकले. केळींच्या बुंध्याशी, पाटाच्या कडेने, गडग्याच्या पायाशी. वरून करवंट्या उपड्या घातल्या, की पक्ष्यांना दिसू नयेत. मला त्यात हुशारी वाटली. पक्षी कोंडा खाणारच नव्हते. पक्षी गोगलगायी खाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेकडो गोगलगायी शंखातून बाहेर लोंबून पडल्या होत्या, फेसाळलेल्या. काही जिवंत होत्या, हलत होत्या, पण जागच्या जागी. वाडीभर लोक एकमेकांना हाका मारून सांगत होते की आमच्याकडे इतक्या मेल्या, तुमच्याकडे किती. मीही फावडं घेऊन गोळा करायला लागलो. बेत होता की दुपारपर्यंत सगळ्या पुरून टाकू. पण पक्षी माझ्याआधी उठले होते. त्यांना ती मेजवानी होती, धरायला नको, ओढायला नको.

दहाच्या सुमाराला मला नर गडग्याखाली दिसला. कुकुडकोंबा जमिनीवर चालतो, त्यामुळे आधी काही वाटलं नाही. मग तो एका बाजूला कलला. पंख खाली सुटले होते, मान थरथरत होती, चोच उघडी. मी जवळ गेलो तरी त्याला पळता येईना. मी त्याला दोन्ही हातांनी उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लागला. वाटतो त्यापेक्षा फार हलका होता. पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते चोचीतून परत आलं. त्याचा लाल डोळा उघडाच होता, मी दिसत होतो की नव्हतो कळत नव्हतं. मी त्याला सावलीत सुपावर ठेवलं आणि शेजारी बसलो. वाडीतल्या दोघाचौघांना फोन करून विचारलं काय करावं. एकाने सांगितलं ताक पाज. बारा वाजायच्या आत तो गेला.

मग मी गडग्यावर जाऊन बघितलं. त्याने त्या सकाळी तीन गोगलगायी खाल्ल्या होत्या. तिन्ही शंखांना बगलेत भोक होतं, खरं तर तशी गरजच नव्हती. आणि शेजारी पानांवर आतड्यांचे तीन गोळे टाकलेले होते. शिकला होता ते सगळं त्याने बरोबर केलं होतं.

मादी मला सापडली नाही. एक पिल्लू पाटात सापडलं. दुसऱ्याचं काय झालं कळलं नाही. गडग्याची फट चार दिवसांनी वास मारू लागली, तेव्हा घोरपडीचंही कळलं.

आक्काला मी फोनवर काही सांगितलं नाही. ती आठव्या दिवशी आली. पिशवी ओट्यावर ठेवून पाय न धुता सरळ मागे गेली. आगर स्वच्छ होतं. मी ते इतकं स्वच्छ केलं होतं की तिच्या शंखांचा ढीगसुद्धा मी उचलून पुरला होता. ती गडग्यापाशी उभी राहिली. मी पडवीतून बघत होतो. ती बराच वेळ कानोसा घेत होती. कुकुडकोंब्याचा आवाज खोल असतो, मडक्यात घुमल्यासारखा, आणि पावसाळ्यात तो दिवसभर येतो. त्या दिवशी कुठूनच येत नव्हता, आमच्या आगरातून नाही आणि दुसऱ्यांच्याही नाही.

ती परत आली तेव्हा मी पक्षी कुठे पुरला ते सांगायला लागलो. ती म्हणाली, "ते मला नको सांगू. टाकलं कोणी, तू की त्यांनी?"

मी म्हटलं, मी.

तिने मान हलवली आणि चुलीकडे गेली. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने भात टाकला, आमटी केली, मला वाढलं. त्यानंतर गणपती आले. आरतीला ती उभी राहिली, मोदक केले, लोकांशी बोलली. माझ्याशी कामापुरतं बोलत होती, भांडीसुद्धा आपटत नव्हती. अनंतचतुर्दशीनंतर तिने ट्रंक भरली. धाकटीचा पाय अजून बरा नाही, तिला माणूस हवं, असं कारण सांगितलं. पाय बरा झाला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तिला थांब म्हटलं नाही. मला वाटलं दोन महिन्यांत येईल.

त्याला आता पाच वर्षं झाली.

पुढच्या पावसाळ्यात गोगलगायी परत आल्या. मातीतली अंडी औषधाने मरत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. आधीपेक्षा जास्त आल्या, कारण खाणारं कुणी उरलं नव्हतं. वाडीने पुन्हा गोळे टाकले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आता ते दरवर्षीचं झालं आहे, कलमांवरच्या फवारणीसारखं. मी टाकत नाही. अध्यक्ष दरवर्षी कागद घेऊन येतो आणि मी सही करत नाही. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "काका, तेव्हा तुम्हीच तर पहिले होता." आता नुसता चहा घेतो आणि जातो. माझ्या एका आगराने काही होत नाही. गोगलगायीला गडगा कळत नाही, पक्ष्यालाही कळत नाही. मी सकाळी दोन बादल्या भरतो. कधी तीन.

गेल्या पावसाळ्यात एक कुकुडकोंबा आला. कुठून आला माहीत नाही, पलीकडच्या राईतून असेल. तरुण होता, शेपटीवर पट्टे अजून होते. मी पडवीत बसून बघत होतो. त्याने एक गोगलगाय उलटी केली, तोंडाशी चोच मारली, चिकटा लागला. चोच घासली. पुन्हा मारली, पुन्हा घासली, आणि उडून गेला. ज्यांनी त्याला भोकाची जागा दाखवली असती ते नव्हते. तरी तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. महिनाभरात तो लहान गोगलगायी खाऊ लागला, आतल्या गोळ्यासकट, आणि मग मान आत घेऊन बसायचा. मी त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

वाडीचा गोळे टाकायचा दिवस त्यानंतर दोन आठवड्यांनी होता. मी अध्यक्षाकडे गेलो, त्याला सांगितलं, निदान आमच्या शेजारच्या दोन आगरांत यंदा नको. तो म्हणाला की सांगून बघतो. त्याने सांगितलंही असेल. शेजाऱ्यांनी टाकले. पक्षी तीन दिवस दिसला, चौथ्या दिवसापासून दिसला नाही. मी दोन्ही आगरं हिंडून बघितली, झुडपांत हात घालून बघितलं. सापडला नाही.

नवरात्रात मी देवरुखला गेलो. वर्षातून दोनदा जातो, नारळ आणि कोकमाची सोलं घेऊन. आक्का आता पंचाहत्तरच्या पुढे आहे. एका डोळ्याने कमी दिसतं. धाकटीच्या मागच्या अंगणात पाटावर बसून माठ निवडत होती. मी शेजारी बसलो. तिने गावची चौकशी केली, कोण गेलं, कोणाच्या मुलीचं ठरलं, माड किती पडले. मी सांगत गेलो. ती परत येणार का, हे मी पहिल्या दोन वर्षांत विचारलं होतं. आता विचारत नाही.

मधेच, पानं निवडता निवडता, तिने विचारलं, "आगरात कुकुडकोंबा येतो काय रे आता?"

पाच वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, "येतो. एक आलाय."

"खातो?"

"शिकतोय," मी म्हटलं.

तिने हातातली जुडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, त्या चांगल्या डोळ्याने. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही, माठाची देठं गोळा करू लागलो. मग ती म्हणाली की तसं असेल तर बरं आहे, आणि पुढची जुडी सोडली. आतून धाकटीने जेवायला बोलावलं. मी उठलो, हात धुतले आणि पानावर जाऊन बसलो.